‘गरज’ हा शब्द मागे घेतो, बाकी नाही

नमस्कार. मॉरिशस बेटावरच्या नामशेष झालेल्या, न उडणाऱ्या डोडो पक्ष्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ‘उडायची गरज उरली नाही म्हणून डोडोचे पंख खुरटले’ हे माझं वाक्य म्हणजे शुद्ध लामार्क (न वापरलेला अवयव खुरटतो आणि ते पुढच्या पिढीत उतरतं, असं मानणारा डार्विनच्या आधीचा शास्त्रज्ञ), हा पहिला. आणि बेटांवरची उत्क्रांती म्हणजे निकाल लागल्यावर जुळवलेली कारणं, हा दुसरा.

पहिला बिनशर्त मान्य. (बेटांवरचे पक्षी उडेनासे झाले ते ‘न वापरल्यामुळे’, असं डार्विननेही लिहिलंय; पण आज ती सबब चालणार नाही.) न वापरलेले पंख पुढच्या पिढीत आपोआप आखूड होत नाहीत. उडणं मुळात खर्चिक. छातीचे दांडगे स्नायू पोसावे लागतात. प्रत्येक पिढीत थोड्या कमजोर पंखांची पिल्लं निपजतातच, आणि शिकारी प्राणी असले की ती आधी संपतात. मॉरिशसवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. तिथे अशी पिल्लं तगली, त्यांचा वंश वाढला, शिवाय पंखांवरची वाचलेली ताकद अंगी लागली. डोडोचा आजचा सगळ्यात जवळचा भाऊबंद निकोबारी कबुतर. ते जेमतेम अर्ध्या किलोचं आणि उडत बेटं पालथी घालणारं. डोडो भरायचा दहा किलोच्या वर!

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी हटणार नाही. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटावर मादागास्करहून पांढऱ्या गळ्याच्या पाणकोंबड्या उडत आल्या आणि कालांतराने त्यांचं उडणं गेलं. सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला, अख्खं बेट बुडालं, त्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मादागास्करहून नव्या पाणकोंबड्या आल्या, आणि त्यांचंही उडणं गेलं. बेट बुडण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही काळांतली हाडं तपासून हे २०१९ साली मांडलं गेलं. त्या आजही तिथे चालत फिरतात. मूळ पक्षी तोच, बेट तेच, निकाल दोनदा तोच. याला मागाहून जुळवणं कसं म्हणायचं?

तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहेच. त्याच मॉरिशसवरचं गुलाबी कबुतर अजून मजेत उडतं. कोण उडणं सोडेल हे बेट एकटं ठरवत नाही. झाडावर चरणाऱ्याचा हिशेब जमिनीवर चरणाऱ्यापेक्षा वेगळा.

जाता जाता तुम्ही डोडोला ‘मठ्ठ’ म्हणालात. २०१६ साली त्याच्या कवटीचं स्कॅन करून मेंदूचा आकार मोजला. शरीराच्या मानाने तो इतर कबुतरांइतकाच भरला. डच १५९८ मध्ये उतरले आणि डोडो दिसल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची. घरटं जमिनीवर आणि बेटावर उंदीर, डुकरं, माकडं. चौसष्ट वर्षांत अक्कल वापरून करणार काय? आपली मराठी माणसं उसाच्या मळ्यांवर तिथे पोचली, तोवर त्याला जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली होती.

लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय.