बेकायदा म्हाताऱ्यांना फुकट मेडिकेअर? नाही हो, काका

गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. मजकूर असा: ‘अमेरिकेत बेकायदा घुसलेल्या म्हाताऱ्यांना सरकार फुकट मेडिकेअर देतं. ते एक पैसा टॅक्स भरत नाहीत. आपल्या आईवडिलांना मात्र ग्रीन कार्ड असूनही पाच वर्षं ताटकळावं लागतं. या खैरातीपायी राज्यं बुडाली.’ पुण्याच्या काकांनी पाठवला, खाली भराभर अंगठे पडले. मी शिकागोजवळ राहते आणि शनिवारी एका धर्मादाय दवाखान्यात लोकांना फॉर्म भरून देते. म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे ते मेडिकेअर नाहीच. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः 65 च्या पुढच्यांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा. कागदपत्रं नसलेल्यांना ते मिळत नाही. गरिबांसाठीचं मेडिकेडही नाही. जिवावर बेतलं तर तातडीच्या उपचारापुरते पैसे मिळतात, बस. फॉरवर्डवाल्याचा गोंधळ झालाय तो इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याच्या, आरोग्य योजनेवरून. 65 आणि त्यावरच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, कागदपत्रं नसली तरीही, राज्याने डिसेंबर 2020 मध्ये स्वतःच्या तिजोरीतून ती सुरू केली. वयस्कर लोकांसाठी असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये 50 च्या पुढच्यांना घेतलं. बहुतेक राज्यांत असं काहीही नाही.

आता टॅक्स. दवाखान्यात येणारे एक आजोबा आहेत, मूळचे मेक्सिकोतल्या मिचोआकानचे, वय 69. तीस वर्षं हॉटेलांच्या मोऱ्यांवर भांडी घासली. उत्पन्नाचा पुरावा म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या. घडीवर फाटलेल्या, तेलकट. प्रत्येकीवर दोन कपाती: सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) 6.2 टक्के, मेडिकेअर 1.45 टक्के. ज्या सोशल सिक्युरिटी नंबरावर हे पैसे कापले तो त्यांचा खरा नव्हता, हे ते स्वतःच सांगतात. पण पैसे खरे होते आणि ते परत मिळणार नाहीत. ‘इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी’ या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार कागदपत्रं नसलेल्या लोकांनी 2022 मध्ये 96.7 अब्ज डॉलर कर भरला. त्यातले 6.4 अब्ज मेडिकेअरसाठी. ज्या मेडिकेअरच्या नावाने आपण त्यांना शिव्या घालतो, तेच ते. एक पैसा नाही म्हणे!

आपल्या आईवडिलांचं दुखणं खरं आहे, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. ग्रीन कार्डवर आलेल्या 65 वर्षांच्या आईला पाच वर्षं सलग राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं, आणि इथे नोकरीची वर्षं नसतील तर 2025 च्या दराने भाग ‘ए’चे (रुग्णालयाचा खर्च) 518 आणि भाग ‘बी’चे (डॉक्टर, तपासण्या) 185 डॉलर दरमहा. पण हा नियम वॉशिंग्टनचा. मिचोआकानच्या आजोबांनी तो केलेला नाही. उलट इलिनॉयच्या याच योजनेत पाच वर्षं पूर्ण न झालेल्या ग्रीन कार्डवाल्यांनाही जागा होती. 2024 मध्ये खर्च कमी करताना राज्याने त्यांना बाहेर काढलं. म्हणजे योजना आटली तेव्हा आपलेही आईवडील उघड्यावर आले.

खर्चाचा मुद्दा मात्र मान्य. अंदाजापेक्षा तो कितीतरी वाढला, नोंदींमध्येही चुका सापडल्या. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी फेब्रुवारी 2025 मध्ये ते मांडलं. 42 ते 64 वयोगटाची जोडयोजना 1 जुलै 2025 पासून बंदच झाली. पण योजना बंद केल्याने आजार बंद होत नाही. किडनी निकामी झालेल्या माणसाला नियमित डायलिसिस नाकारलं तर तो धाप लागून, पोटॅशियम वाढून इमर्जन्सीत येतो, आणि 1986 च्या कायद्याने रुग्णालयाला त्याला तिथे सावरावंच लागतं. डॅलसमधल्या 181 रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त इमर्जन्सीत डायलिसिस मिळणाऱ्यांपैकी वर्षभरात 17 टक्के दगावले, नियमित मिळणाऱ्यांपैकी 3 टक्के. आणि नियमित डायलिसिसचा खर्च माणशी दरमहा हजारो डॉलरनी कमी होता. नाकारून वाचवलं ते काय?

त्या आजोबांचं नाव योजनेत आहे. त्यांची बायको मार्च 2024 मध्ये 65 वर्षांची झाली. नवीन नोंदणी नोव्हेंबर 2023 मध्येच थांबली होती. परवा मी आजोबांना विचारलं, गोळ्या चालू असूनही तुमचं बीपी खाली का येत नाही? त्यांनी बायकोकडे पाहिलं. एक गोळी मोडून दोघं अर्धी अर्धी घेतात.