पीआरची फाइल चालू असतानाही नवऱ्याला भेटायला जाता येतं

कर्वेनगरला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं. जावई कॅनडाचे पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी असलेले; नोकरी टोरांटोजवळ. लग्नानंतर तीन आठवड्यांत ते परत गेले, बायकोलाही पीआर मिळावं म्हणून स्पॉन्सरशिपची, म्हणजे नवऱ्यानं तिची जबाबदारी घेऊन केलेल्या अर्जाची, फाइल लागली, आणि तेव्हापासून ही मुलगी माहेरी-सासरी करत इथंच आहे. व्हिजिटर व्हिसासाठी तिनं अर्जच केलेला नाही. का, म्हणून विचारलं तर काकूंनी फोन पुढे केला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला, कितीतरी हातांतून फिरलेला एक मजकूर. त्या महिन्यात मला तो तिसऱ्यांदा दिसत होता.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: पीआरची फाइल चालू असेपर्यंत कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा कायद्यानंच मिळत नाही. अर्ज करायचाच असेल तर फाइलचा उल्लेख टाळा आणि कारण ‘पर्यटन’ लिहा. व्हिसा नाकारला गेला तर पुढे पीआरही नाकारतात. आणि व्हिसा मिळून तुम्ही गेलातच, तर इथून लावलेली फाइल बंद होते. म्हणून जे काही करायचं ते ‘खात्रीच्या एजंटमार्फतच’ करा.

मी स्वतः या वाटेनं गेले आहे. माझा व्हिसा एकदा नाकारला गेला, दुसऱ्यांदा मिळाला, मी जाऊन वेळेत परत आले, आणि त्यानंतर पीआर झालं. या मजकुरामुळे एखादी मुलगी वर्षभर नवऱ्याचं तोंड पाहत नसेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिला मुद्दा कायद्याचा. कॅनडाचा इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अॅक्ट २००१ सालचा आहे, तो २००२ च्या जूनमध्ये लागू झाला. त्याच्या कलम २२ चं दुसरं उपकलम नेमकं याच प्रश्नाबद्दल आहे. एखाद्याला पुढे कायमचं राहायचं आहे, एवढ्यावरून त्याला तात्पुरतं येण्यापासून अडवता येत नाही, असं ते सांगतं. अट एकच: दिलेली मुदत संपेपर्यंत हा माणूस परत जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. तिकडे याला ‘ड्युअल इन्टेन्ट’ म्हणतात, म्हणजे दुहेरी हेतू. आज भेटायला जायचं आहे आणि उद्या कायमचं राहायचं आहे, हे दोन्ही हेतू एकाच माणसाच्या मनात असू शकतात, हे कायद्यानंच मान्य केलं आहे. इतकंच काय, २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं जोडीदाराची स्पॉन्सरशिप चालू असलेल्यांच्या व्हिजिटर व्हिसासाठी वेगळी व्यवस्था जाहीर केली. यातले बहुतेक अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचे, असं त्यात म्हटलं होतं. जी गोष्ट कायद्यानं मिळतच नाही, तिच्यासाठी कोणतं सरकार अशी व्यवस्था उभी करेल?

मग हा समज आला कुठून? माझ्या मते अमेरिकेतून. पुण्यात घरटी एक माणूस अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन आलेला असतो, आणि तिथला नियम खरोखर कडक आहे. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४ (बी) व्हिजिटर व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला आधी कायमचा राहायला येणारा असंच धरतं; तसं नाही हे अर्जदारानं सिद्ध करायचं. दुहेरी हेतूची मोकळीक तिथं एच-१बी, एल-१ अशा नोकरीच्या व्हिसांना आहे, व्हिजिटरला नाही. तिथल्या व्हिसा अर्जाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये तर तुमच्यासाठी कुणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का, हे सरळ विचारतात. चुलतभावाला बीकेसीत आलेला अनुभव वहिनीच्या कॅनडाच्या फाइलला लावला, की असे मजकूर तयार होतात. अमेरिकेत खिडकीपाशी उभं राहून दोन शब्द बोलायची संधी तरी मिळते. कॅनडात बहुतेकदा मुलाखत होतच नाही. तुम्हाला कधीही न पाहिलेला अधिकारी कागद वाचून निर्णय देतो. त्यामुळे तिथं कागदात काय लिहिलं आणि काय लपवलं, यावर सगळं ठरतं.

आणि मजकुरातला सर्वांत घातक सल्ला नेमका लपवण्याचा आहे. ‘फाइलचा उल्लेख टाळा, पर्यटन लिहा.’ डेक्कनवरच्या एका सल्लागारानं मलाही हेच सांगितलं होतं, आणि इतक्या सहज सांगितलं होतं की क्षणभर मला ते शहाणपणाचं वाटलं. पण व्हिजिटर व्हिसाच्या अर्जातच प्रश्न असतो: कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी तुम्ही यापूर्वी कधी अर्ज केला आहे का? पीआरचा अर्ज हा अर्जच आहे. ‘नाही’ लिहिलं तर ते खोटं ठरतं. तेही अशा कार्यालयाला सांगितलेलं खोटं, की ज्याच्याकडे तुमची फाइल आधीच आहे. दोन्ही अर्ज एकाच खात्याकडे जातात, एकाच संगणक प्रणालीत दिसतात आणि तुमच्या एकाच क्लायंट नंबराखाली येतात. नवऱ्यानं स्पॉन्सरशिपमध्ये तुमचं नाव, लग्नाची तारीख, फोटो सगळं दिलेलं असताना तुम्ही नायगारा पाहायला येतेय असं लिहिणार, तर वाचणाऱ्याला काय वाटेल?

याची शिक्षा नुसत्या नकारावर थांबत नाही. कॅनडाच्या त्याच कायद्याचं कलम ४० खोटी माहिती देण्याबद्दल आहे. ते लागलं तर पाच वर्षं कॅनडात प्रवेश नाही, आणि त्या पाच वर्षांत पीआरसाठी अर्जही करता येत नाही. म्हणजे सहा महिन्यांच्या भेटीसाठी ज्या संसाराची फाइल लावली आहे तीच पाच वर्षं मागे जाते. सल्लागाराचं यात काही जात नाही. सही तुमची असते.

मी लपवलं नाही, तरीही माझा पहिला अर्ज नाकारला गेला. हे मुद्दाम सांगते, कारण खरं लिहिलं की व्हिसा मिळतोच असं मला म्हणायचं नाही. नकाराच्या पत्रात ठरावीक वाक्यं होती: कॅनडातले आणि मायदेशातले तुमचे कौटुंबिक संबंध पाहता मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही. ते पत्र हातात घेऊन मी दोन दिवस रडले. नंतर स्वतःचा अर्ज पुन्हा वाचला, तेव्हा अधिकाऱ्याचं म्हणणं कळलं. मी पीआरच्या फाइलचा नंबर दिला होता, लग्नाचं प्रमाणपत्र जोडलं होतं, आणि सोबतचं पत्र चार ओळींचं होतं. नवरा तिकडे आहे हे त्यातून दिसत होतं. मी परत का येईन, याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

अशा अर्जात अधिकारी काय बघतो? किती दिवसांसाठी जाणार, खर्च कोण करणार, मायदेशात तुमच्या मागे काय जबाबदाऱ्या आहेत, भेटीचं कारण काय, कागद विश्वासार्ह आहेत का, आधी कुठल्या देशाचे नियम पाळलेत का मोडलेत. आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न: उद्या पीआर नाकारलं गेलं, तर ही बाई मुकाट्यानं घरी जाईल का? दुसऱ्या वेळी मी याच प्रश्नाला उत्तर दिलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की माझी स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे, हा तिचा नंबर. निकाल लागायला वेळ आहे, तोवर सात आठवडे नवऱ्याबरोबर राहायचं आहे. निकाल काहीही लागला तरी या तारखेला परतणार आहे. हिंजवडीतल्या माझ्या कंपनीचं रजेचं पत्र जोडलं. त्यात रजा मंजूर असल्याच्या आणि कामावर रुजू होण्याच्या दोन्ही तारखा होत्या. पगाराच्या स्लिपा, माझ्या स्वतःच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आईच्या उपचारांचे कागद, आणि पूर्वी सिंगापूरला जाऊन वेळेत परत आल्याचे पासपोर्टवरचे शिक्के.

आपल्याकडे जमिनीचे आणि घराचे कागद मराठीत असतात. सातबारा, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड तसेच स्कॅन करून पाठवले तर तिथं कुणाला वाचता येणार नाहीत. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं. लग्नाचा नमुना ई, म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, नीट पाहा, त्यावरची तुमच्या नावाची स्पेलिंग पासपोर्टशी जुळली पाहिजे. आडनाव बदललं असेल आणि पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर पत्रात दोन ओळींत खुलासा करा. सासऱ्यांच्या नावावरचा सातबारा जोडून फारसं काही साधत नाही. तुमचं इथं काय आहे, ते दाखवा.

नकारामुळे पीआर जातं, हा तिसरा मुद्दा सरळ खोटा आहे. दोन्ही अर्जांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. व्हिजिटरमध्ये परत जाल का हे पाहतात. स्पॉन्सरशिपमध्ये लग्न खरं आहे का, स्पॉन्सर पात्र आहे का, तब्येत आणि पोलिसांचा दाखला ठीक आहे का, हे पाहतात. तुम्ही परत जाल की नाही याची शंका हे बायको म्हणून तुम्हाला नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. माझ्या नावावर एक नकार असतानाच माझं पीआर झालं. एवढंच सांभाळा, की पुढच्या प्रत्येक अर्जात तो नकार प्रामाणिकपणे नोंदवायचा. आणि दोन्ही अर्जांतल्या तारखा, नोकऱ्या, पत्ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. विसंगती दिसली, तर ती मात्र दोन्हीकडे नडते.

चौथा मुद्दा, गेलात की फाइल बंद. इथं थोडं तपशिलात जावं लागेल, कारण यात अर्धवट खरं मिसळलं आहे. जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपचे दोन वर्ग आहेत. एक बाहेरून लावायचा फॅमिली क्लास, दुसरा कॅनडातच एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचा. भारतातून लावलेली फाइल फॅमिली क्लासची असते, आणि तुम्ही भेटायला गेलात म्हणून ती बंद होत नाही. पत्ता बदलला तर कळवायचं, एवढंच. मुलाखतीला इथं बोलावलं तर मात्र यावं लागतं. दुसऱ्या वर्गात उलट आहे: तिथं नवऱ्यासोबत कॅनडात राहणं हीच अट असते. शिवाय फॅमिली क्लासची फाइल नाकारली गेली तर स्पॉन्सरला अपील करता येतं, त्या दुसऱ्या वर्गात ही सोय नाही. म्हणून तिकडे पोचल्यावर कुणी ‘जुनी फाइल मागे घे, इथूनच नवी लाव’ म्हणालं, तर वकिलाला विचारल्याशिवाय हलू नका.

व्हिजिटरला साधारण सहा महिने राहता येतं. नोकरी करता येत नाही. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी अर्ज करावा लागतो. आईवडिलांसाठी सुपर व्हिसाची वेगळी वाट आहे, त्यांची पीआरची फाइल चालू असली तरी. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आणि मुलाचं किंवा मुलीचं ठरावीक उत्पन्न लागतं.

राहता राहिले ‘खात्रीचे’ एजंट. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला कुणी द्यायचा, हे त्याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये लिहिलं आहे: मुख्यतः तिथले वकील आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक. परवानाधारकांची यादी इंटरनेटवर उघडी आहे, नाव टाकून पाहता येतं. पैसे घेऊनही अर्जात प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव द्यायला जो नकार देतो, त्याच्या खुर्चीसमोरून उठून या. अर्जाची फी १०० कॅनेडियन डॉलर आहे, बोटांचे ठसे द्यायचे असतील तर आणखी ८५. त्याशिवाय कुणी ‘आतल्या ओळखीचे’ पैसे मागत असेल, तर ते पैसे कॅनडापर्यंत पोचत नाहीत.

रविवारी संध्याकाळी काकूंची मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. तिनं लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या ओळीत फाइलचा नंबर होता, दुसऱ्या ओळीत ‘मला माझ्या नवऱ्याची आठवण येते’. ते काढू का, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे, खरंच आहे ते. त्याखाली रजेच्या तारखा लिही आणि परतीच्या तिकिटाचं काय ठरवलंयस तेही लिही.