गणित नको म्हणून बायो घेताय? या, बसा!

गणिताची भीती वाटते म्हणून बायोलॉजी घेताय ना, एकदम करेक्ट निर्णय, अजिबात मागे हटू नका. पहिल्याच सेमिस्टरला द्रावण किती तीव्र, किती पातळ याची आकडेमोड, म्हणजे मोलॅरिटी, डायल्यूशन, स्टँडर्ड कर्व्ह भेटतील, पुढे पी व्हॅल्यू (असा निकाल नुसत्या योगायोगाने आला असता का, हे तपासणारा आकडा, ०.०५ च्या खाली लागतो) गळ्यात पडेल, ०.०४९ आली की पार्टी आणि ०.०५१ आली की "सँपल जरा वाढवून बघू का?" पण हे गणित नाहीये हं, हे बायोस्टॅट आहे.

सरकारी विद्यापीठ निवडलंत हे तर बेस्टच. सगळ्या डिपार्टमेंटमध्ये मिळून सँपल गरागरा फिरवून गाळ वेगळा करणारं चांगलं सेंट्रिफ्यूज एकच, आणि त्याच्या बुकिंगच्या वहीत आख्खा आठवडा एकाच पीएचडीवाल्याचं नाव. तुम्ही फक्त नोट्स मिळवा. सीनियरच्या, त्याला त्याच्या सीनियरने दिलेल्या, झेरॉक्सची झेरॉक्स, मायटोकॉन्ड्रियाच्या आकृतीचा काळा बटाटा झालेल्या. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत साखर फोडण्याच्या, १० पायऱ्या आदल्या रात्री पाठ करायच्या, सकाळी ओकायच्या, दुपारी विसरायच्या. त्याच्या पुढच्या क्रेब्स सायकलचंही तेच. ती शोधणाऱ्या बिचाऱ्या क्रेब्सचं त्यावरचं पत्र १९३७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेने जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं, मग १९५३ मध्ये नोबेल मिळालं, पण हे कशाला वाचताय, परीक्षेला येत नाही.

आणि प्रश्न तर विचारूच नका. माणसात ४८ क्रोमोसोम असतात असं तीसेक वर्षं पुस्तकांत छापून येत होतं, १९५६ मध्ये जो हिन चिओ आणि आल्बर्ट लेव्हान या दोघा शास्त्रज्ञांनी नीट मोजले तर ४६ निघाले. आता मला सांगा, त्या तीस वर्षांत ४६ लिहिणाऱ्या पोराला मार्क मिळाले असते का? नाही ना? मग नोट्समध्ये आहे तेच लिहा.

प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नका, ते हाताने करायचं असतं, त्याला डोकं कशाला. मी पण असंच म्हणायचो. पीसीआर (डीएनएच्या ढीगभर प्रती काढणं) झालेला, ३५ सायकल, प्रती काढणारं टॅक एन्झाइम म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातल्या बॅक्टेरियाचं, ९५ डिग्रीलाही तग धरणारं, सगळं मस्त. मग डीएनएचे तुकडे विजेने पळवून वेगळे करतात त्या जेलच्या बारीकशा खाचेत थरथरत्या हाताने सँपल सोडलं, श्वास रोखून, टोचून जेल न फाडता, स्वतःवरच खूश होऊन वायरी जोडल्या आणि चहाला गेलो. डीएनए निगेटिव्ह, पळतो पॉझिटिव्हकडे, हे परीक्षेत मी पाच मार्कांना लिहिलेलं होतं हो! वायरी मात्र उलट्या. परत येऊन बघतो तर सँपलमधला निळा रंग खाचांच्या मागच्या कडेने बाहेर पडून भोवतालच्या पाण्यात, म्हणजे बफरमध्ये, निवांत पोहतोय, आणि त्याच्याबरोबर माझे तीन दिवस. आमच्या मॅडम काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

सुट्टीचं प्लॅनिंग बिनधास्त करा. लॅबमध्ये वाढवलेल्या सेल्सना (पेशींना) रविवार कळत नाही एवढंच. त्यांना ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, वेळच्या वेळी ताज्या मीडियाचं जेवण, म्हणजे हॉस्टेलमध्ये तुमची जेवढी बडदास्त नाही तेवढी त्यांची, आणि एवढं करून शनिवारी रात्री बुरशी.

घरी गेलात की कोणीतरी रक्ताचा रिपोर्ट हातात देईलच, "बघ गं, तू डॉक्टर ना." नाही म्हणालात तर "मग एवढी वर्षं काय करतेस?" याचं उत्तर कुठल्याच नोट्समध्ये नाही, मी शोधलंय.

शेवटचं, ट्यूबवर नाव-तारीख लिहीत बसू नका, लक्षात राहतं सगळं. आमच्या उणे ८० च्या फ्रीझरमध्ये तळाला एक डबा आहे, बर्फात गोठलेला, आतल्या ट्यूबांवर नुसतं "नवीन २", "फायनल", "हाच घ्या". अक्षर ओळखीचं आहे, नोट्सवालंच. फेकायची हिंमत कोणाचीच होत नाही, न जाणो कोणाची तरी पीएचडी असायची त्यात.