पोरीपेक्षा बापच जास्त पळतोय

सकाळपासून तीनदा लिहून खोडलंय. हे चौथं. आता खोडणार नाही.

स्वप्नील कुसाळे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकलेलं कोल्हापूरकडचं पोरगं. त्याचे वडील पत्रकारांशी बोलले. राज्य सरकारने दिलेले दोन कोटी कमी आहेत, हरियाणा पाच देतं, पाचच मिळायला हवे होते म्हणाले. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट द्या, तिथल्या नेमबाजीच्या रेंजला पोराचं नाव द्या. आमदार-मंत्र्याचा मुलगा असता तर एवढेच दिले असते का, असंही विचारलं. झालं! ज्यांनी ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा वाघ म्हणून स्टेटस ठेवले होते, त्यांचीच बोटं वळवळायला लागली. 'हाव सुटली म्हाताऱ्याला.' 'ब्राँझच आहे ओ, गोल्ड नाही.' 'राज्याचं नाव घालवलं.' आणि हे सगळं कुठल्या अनोळखी टोळक्याचं नाही. माझ्या वर्गातले, माझ्या पै-पाहुण्यातले लोक. दोघांच्या तर लग्नात मी पंगतीत वाढलंय.

मला का एवढं लागलं ते सांगते.

१९९७ साली मी शालेय राज्य स्पर्धेत १५०० मीटरला दुसरी आले. गावात ट्रॅक कसला, कारखान्याच्या रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरमागे पळायचे. धूळ आणि मळीचा वास. परत आले तर मारुतीच्या देवळापुढे मांडव. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. आणि एका मोठ्या माणसाने (नाव लिहीत नाही, आमच्या घरचे अजून तिथेच राहतात) माइक हातात घेऊन जाहीर केलं, लेकीच्या बुटांसाठी माझ्यातर्फे पाच हजार! टाळ्या थांबेनात. अण्णा मागच्या रांगेत उभे होते, वजनकाट्यावरची ड्युटी टाकून आले होते. त्यांनी त्या टाळ्यांच्या भरवशावर सोमवारी पतसंस्थेतून कर्ज उचललं आणि कोल्हापुरातून मला स्पाइक्स आणले.

मग सुरू झाले रविवार. दर रविवारी अण्णा लुना काढून त्या वाड्यावर जायचे. साहेब मुंबईला गेलेत. साहेब पूजेला बसलेत. पुढच्या रविवारी या. सातव्या रविवारी एक लिफाफा मिळाला. आत पाचशे. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, शुभेच्छांसकट.

त्याच आठवड्यात स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी म्हणालं, "पोरीपेक्षा बापच जास्त पळतोय की!" सगळे हसले. मी तिथेच होते, दूध घ्यायला गेले होते.

आता सांगा, खोटारडा कोण ठरला? माइकवाला पुढे निवडूनही आला. हावरट ठरले अण्णा.

म्हणून कुसाळे मास्तरांवरच्या त्या कमेंट वाचताना मला मास्तरांची कांबळवाडी दिसत नाही, आमचा स्टँड दिसतो. राधानगरी तालुक्यातलं एवढंसं गाव. मास्तर शाळेत शिकवणारा माणूस, आई सरपंच. नेमबाजी काय स्वस्तातला खेळ आहे का? लंगोट आणि लाल माती घेऊन नाही खेळता येत. रायफल, जॅकेट, गोळ्या, आणि सरावात उडवलेली प्रत्येक गोळी म्हणजे उडालेला पैसा. मास्तरांनी कर्ज काढून ते भागवलं. पोरगं रेल्वेत टीसीची नोकरी करत करत पॅरिसला गेलं. १ ऑगस्टला फायनल होती. आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून, मग उभं राहून. ४५१.४ गुण. तुम्ही सगळ्यांनी तो आकडा लावला होता ना डीपीवर? १९५२ ला कुस्तीत कांस्य आणणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बहात्तर! तेवढ्यात आपल्याकडे किती मुख्यमंत्री होऊन गेले मोजा.

बरं, मास्तरांचा आकडा चुकला. हरियाणा कांस्यला अडीच कोटी देतं, पाच नाही. मान्य. दोन आणि अडीचमध्ये फार अंतर नाही, हेही मान्य. आणि जिवंत पोराचं नाव रेंजला द्या म्हणणं मलाही जरा जड गेलं. पण म्हणून 'भिकारी'? हा शब्द आमच्या गल्लीतल्या एका बाईने लिहिलाय, जिच्या नवऱ्याने बदली रद्द करून घेण्यासाठी मंत्रालयाचे किती मजले चढले ते आम्ही पाहिलंय.

आणि एक विचारते. टी-२० विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाला राज्य सरकारने त्याच वर्षी जुलैमध्ये ११ कोटी जाहीर केले. रोहितच्या मराठी भाषणावर मीही फिदा झाले, खोटं कशाला बोलू. पण तिथे कुणाच्या बापाला तोंड उघडावं लागलं का? न मागता मिळतं त्यांना. ज्याला मागावं लागतं त्याची लाज काढायची, हे आपल्याला छान जमतं.

खाशाबांचंही तेच. त्यांची गोष्ट आपण केवढ्या अभिमानाने सांगतो. हेलसिंकीला जायला वर्गणी गोळा करत फिरले, कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार दिले. पदक घेऊन आले तर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक! बैलगाड्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं, ते कर्ज फेडायला ऑलिंपिकवीराने कुस्त्यांचे फड भरवले, ते सांगताना आवाज बारीक होतो आपला. पद्म पुरस्कार अजून नाही, मरणोत्तरसुद्धा नाही. १५ जानेवारीला त्यांच्या नावाने क्रीडा दिन मात्र करायचा. खाशाबांनी एखादी पत्रकार परिषद घेऊन हिशोब मागितला असता तर त्यांनाही आपण सोडलं नसतं, लिहून घ्या.

मास्तर असंही म्हणाले म्हणे, हे माहीत असतं तर पोराला दुसरा खेळ घ्यायला लावला असता. यावर सगळ्यात जास्त दात काढलेत लोकांनी. मला मात्र हे वाचून पोटात कालवलं. हा पैशाचा हिशोब नाही हो, थकलेल्या माणसाचं बोलणं आहे. मी ऐकलंय हे घरात.

आता जे लिहायचं होतं म्हणून तीनदा खोडलं, ते लिहिते.

चहाच्या गाड्यावरचं ऐकून मी घरी आले आणि अण्णांवर ओरडले. चौदा वर्षांची होते. म्हटलं, तुमच्यामुळे मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, परत त्या वाड्यावर गेलात तर मी पळणं सोडून देईन. अण्णा काही बोलले नाहीत. लुनाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि हातपाय धुवायला मागे गेले. पतसंस्थेचा हप्ता पुढची दोन वर्षं पगारातून कापला जात होता. आणि मी पळणं तसंही सोडलंच, बारावीनंतर.

म्हणजे पहिली कमेंट माझीच होती. आज तुमच्यावर चिडतेय तो अर्धा राग तिथला आहे, माहितीये मला. तरी कमेंट डिलीट करा. ज्यांना करायच्या नसतील त्यांनी मला अनफ्रेंड करा, मी काही समजूत काढायला येणार नाही.

मघाशी अण्णांचा फोन आला. आता ऐंशीला आलेत, पेपर शेवटच्या पानापासून वाचतात. मला वाटलं मास्तरांबद्दल बोलतील, त्या लिफाफ्याबद्दल बोलतील, आणि बोलले तर आज माफी मागून टाकू. त्यांनी आधी जेवलीस का विचारलं. मग पावसाने भाताचं काय झालं ते सांगितलं. मग म्हणाले, "त्या मास्तराचं वाचलं गं. दोन कोटी, पाच कोटी ऱ्हाऊ दे. जेवढं जाहीर केलंय तेवढं हातात पडलंय न्हवं त्याच्या?"

अडीचशे कमेंट वाचल्या मी आज. हे एकानेही विचारलेलं नाही.