बाथरूममध्ये वायपर मारायचा म्हणे!

"वायपर मारायचा ना काका, सगळेच मारतात."

काल दुपारपासून हे एकच वाक्य कानात घुमतंय. रात्रभर डोळा लागलेला नाही. पुनावळ्यात, नवव्या मजल्यावर, ज्या घरासाठी भाडं आणि हप्ता दोन्ही भरून आमची कंबर मोडली, त्या घराच्या बाथरूममध्ये उभा राहून तो साइट इंजिनीअर माझ्या बाबांना हे सांगत होता. माझ्या बाबांना! ३१ वर्षं पिंपरीच्या टूलरूममध्ये व्हर्नियर हातात धरून ०.०२ मिलिमीटरचा हिशेब दिलेल्या माणसाला!

पझेशनच्या आधी फ्लॅट तपासायला ४५ मिनिटांचा स्लॉट. पाऊण तास! आयुष्यभराची कमाई ज्यात घातली ती वस्तू पाऊण तासात बघून मोकळं व्हायचं. वर गेलो तर नळाला पाणी नाही. मीटर बसलेला नाही, म्हणजे लाइटही नाही. मग तपासायचं काय आम्ही? एकाही सॉकेटमध्ये करंट येतो का, अर्थिंग दिलंय का, फ्लश चालतो का, सिंकखालचा पाइप गळतो का, काहीच कळणार नाही. बाबांनी हे आधीच ओळखलं होतं. २० लिटरचे दोन जार त्यांनी घरूनच डिकीत टाकले होते. गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणतो, पाणी आत नेता येणार नाही. स्वतःच्या घरात पाणी न्यायला मी गेटवर १० मिनिटं भांडले. ती १० मिनिटंही त्याच ४५ मधून गेली.

बाथरूममध्ये बाबांनी खिशातून माझ्या लेकाची काचेची गोटी काढली. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं भोक, समोरच्या कोपऱ्यात, शॉवरखाली. त्याच्यापासून वीतभर अंतरावर गोटी ठेवली. ती क्षणभर थांबली आणि ट्रॅपकडे पाठ फिरवून दाराकडे निघाली. ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर टक्क करून आपटली. बाबांनी ती उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा टक्क. तिसऱ्यांदा तेच. मग आम्ही जार ओतला. पाणी उंबऱ्यापाशी साचलं, चौकटीच्या पायाशी जिथे सिमेंट नीट भरलेलंच नाही तिथून आत शिरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत बेडरूमच्या टाइलवर आलं. जिथे माझ्या आईची कॉट ठेवायची ठरलीय, तिथे.

तर त्यावर वायपर मारायचा.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ती रोज आंघोळीनंतर ओल्या फरशीवर उभी राहून वायपर मारणार का? की तिथेच घसरून पडणार?

बाबा त्याच्यावर ओरडले नाहीत. "मीटरला सेंटिमीटरभर उतार लागतो बाळा, आणि तो ट्रॅपकडे लागतो. टाइल बसवताना इथे कुणी पाणसळ लावलेलीच नाही," एवढंच म्हणाले. मला मात्र राहवलं नाही. ही काही रंगाचा हात मारून झाकायची गोष्ट नाही. उतार सुधारायचा तर टाइल फोडाव्या लागतात. फोडल्या की खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग उघडं पडतं. ते परत करून, पाणी भरून, निदान २४ तास ठेवून आठव्या मजल्याच्या छताला ओल येत नाही ना हे बघावं लागतं. त्यात घाई केली तर उद्या खालच्या घरातली माणसं आमच्या दारात भांडायला येतील, तेव्हा हा इंजिनीअर कुठे असणार? पुढच्या साइटवर!

हॉलमध्ये बाबांनी नाणं वाजवत एकेक टाइल तपासली. १४ टाइल पोकळ वाजल्या. प्रत्येकीवर त्यांनी पेन्सिलीने फुली मारली, तर लगेच, "काका, खुणा करू नका, डाग पडेल." खाली माल न भरता टाइल चिकटवलेली चालते, पेन्सिलीची फुली चालत नाही!

आणि मग ऑफिसात तो फॉर्म. "सदनिका पूर्ण समाधानाने ताब्यात घेतली असून माझी कोणतीही तक्रार नाही." आधी यावर सही, मग किल्ली, मग दुरुस्ती. मी म्हटलं, दुरुस्ती आधी. तर तिथली मुलगी म्हणते, "मॅम, एक वर्षाची वॉरंटी आहेच ना." कसली वॉरंटी? हा मिक्सर आहे का? २०१६ च्या रेरा कायद्याचं, म्हणजे घर घेणाऱ्यांना बिल्डरपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १४ मी फोनवर उघडून तिच्यासमोर धरलं. ताबा घेतल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा. तिने वाचलंसुद्धा नाही. म्हणे १५ दिवसांत ताबा घेतला नाहीत तर मेंटेनन्स सुरू होईल. कायदा ताबा घ्यायला भोगवटा पत्रापासून, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याच्या पालिकेच्या दाखल्यापासून, २ महिने देतो, आणि हे १५ दिवसांची धमकी देतात!

व्याजाचंही तसंच. बँकेने पैसे सोडायला ११ दिवस उशीर केला, तेव्हा आमच्याकडून व्याज वसूल केलं, स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जाचा मूळ दर, अधिक २ टक्के. याच दराने उशिराचं व्याज त्यांनीही आम्हाला द्यायचं असतं. ताबा दोन वर्षं उशिरा मिळतोय. मी विचारलं, तर "तो विषय लीगलचा." आम्ही मात्र ७ टक्के मुद्रांक शुल्क भरलं, त्यातला १ टक्का मेट्रोचा, ५ टक्के जीएसटी भरला, रुपया न रुपया वेळेच्या आत. पार्किंगमध्ये खांब असा आलाय की गाडीचं डावं दार उघडत नाही. त्याबद्दल मी दीड वर्ष मेल करतेय. सॅम्पल फ्लॅटमध्ये दारंच लावली नव्हती, म्हणून खोल्या मोठ्या दिसल्या. हे मला तेव्हा कळलं नाही याचा राग अजून जात नाही.

पण सगळ्यात जास्त चीड आली ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपची. संध्याकाळी पाणी बाहेर येतानाचा व्हिडिओ टाकला. तर सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिहितात, आमच्याकडेही आहे, ॲडजस्ट करा, किल्ली घ्या, मुहूर्त चुकवू नका. तिघांनी अंगठे दिले. अहो, तुमच्याकडेही आहे तर मग बोला ना! दहा घरांनी मिळून सही अडवली असती, तर त्याची वायपर म्हणायची हिंमत झाली असती का? दिवसाआड येणाऱ्या पाण्यासाठी, टँकरसाठी, अंडरपासमध्ये तास तास अडकण्यासाठी ॲडजस्ट करतोच आहोत. आता घराच्या आतही करायचं?

परतताना भूमकर चौकात अर्धा तास गाडी हलली नाही. बाबा गप्प होते. मग म्हणाले, "पाऊण तासात किचनची ड्राय बाल्कनी, ती भांडी-कपडे धुवायची, राहिली गं बघायची." त्यांच्या चपला अजून ओल्या होत्या.

मी सही केलेली नाही. काल रात्री १ वाजता सगळे दोष फोटोंसह मेल केले, आणि सकाळी तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. शनिवारी परत जातेय, चार जार घेऊन. ड्राय बाल्कनीतही पाणी ओतायचंय.