पाण्यातला वेग वेगळा, जमिनीवरचा वेगळा

लेख आवडला, पण ‘जीपीएस आल्यावर बोटीच्या तळाला वेगमापक कशाला’ हे काही पटलं नाही. जीपीएस जमिनीच्या हिशेबानं वेग सांगतं, तळाचा मापक पाण्याच्या हिशेबानं. रंकाळा तलावाच्या साचलेल्या पाण्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतील, पुरातल्या पंचगंगेत नाही. समजा प्रवाह ताशी ६ किलोमीटर आणि बोट पाणी कापतेय १० नं. प्रवाहाविरुद्ध जीपीएस ४ दाखवणार, प्रवाहाबरोबर १६. इंजिनाची मेहनत तेवढीच!

२०१९ च्या महापुरात मी शिरोळकडं बोटीवर मदतीला होतो. प्रवाहाबरोबर येताना मोबाईलवर वेग भरपूर दिसला म्हणून इंजिन मंद केलं, आणि बोट वळेचना. वळायला पाण्याच्या तुलनेत वेग लागतो, तोच उरला नव्हता. थेट बाभळीच्या शेंड्यात गेलो. बोटीत दोन म्हातारी माणसं होती, तो क्षण अजून आठवतो.

तळाच्या मापकाचा पंखा केंदाळात (जलपर्णीत) अडकतो, हे खरं. मग जुनी पद्धत वापरा: पुढच्या टोकापाशी लाकडाचा तुकडा पाण्यात टाका आणि तो मागच्या टोकाशी यायला किती सेकंद लागतात ते मोजा. ५ मीटरच्या बोटीला २ सेकंद लागले तर ताशी ९ किलोमीटर. पूरबोटीवरच्या पोरांना हे पावसाळ्याआधी शिकवायलाच हवं.