पान दहावर 'सव्वा': एक स्टारला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. तक्रार तुम्ही चारचौघांत केलीत, तेव्हा उत्तरही इथेच देतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या आजोबांची केरळातल्या पालक्काडकडची भाताच्या हिशेबाची वही आम्ही टाइप केली आणि घरच्यांसाठी २५ प्रती छापल्या. आकडे वहीतल्यासारखेच, मल्याळम अंकांत. ताई म्हणतात: पानांचे आकडे चुकले, साल चुकलं, फोनवर चौकोन दिसतात, एक्सेलमध्ये बेरीज होत नाही.

पानांचं अगदी खरं आहे. दहाव्या पानावर 'सव्वा' छापलंय, विसाव्यावर 'सव्वादोन'. मल्याळम शून्य साधं लंबगोल असतं, पण काही फॉन्टांत त्याच्या जागी चुकून पावचं चिन्ह काढलेलं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, दोघांचे क्रमांक वेगळे: शून्याचा ०डी६६, पावचा ०डी७३. आमच्या फाइलीत ०डी६६ च होता, म्हणून तर प्रुफात सगळं बरोबर दिसलं. छपाईची पीडीएफ निघाली दुसऱ्या मशीनवर, आणि तिथे त्याच नावाचा जुना फॉन्ट बसलेला होता. क्रमांक तोच, चित्र भलतंच. प्रुफावर तुमची सही आहे म्हणून मी हात झटकणार नाही. शेवटची पीडीएफ उघडून दहावं पान बघायला दोन मिनिटं लागली असती, ती आम्ही दिली नाहीत. सगळ्या २५ प्रती आमच्या खर्चाने नव्याने छापून देतो.

सालाचं मात्र मान्य नाही. '११०५ मधलं शून्य खाल्लं' असं तुम्ही लिहिलंत. ताई, आजोबांनी तिथे शून्य काढलेलंच नाही. जुन्या मल्याळम पद्धतीत दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. त्यांनी हजाराचं चिन्ह काढलं, मग शंभराचं, मग पाच. आपण 'एक हजार एकशे पाच' म्हणतो, तसंच ते लिहिलंय. कोल्लम या केरळी कालगणनेचं वर्ष ११०५, म्हणजे आपलं १९२९-३०. या तीन चिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. पानांचे आकडे कॉम्प्युटरने आपल्या पद्धतीने घातले, म्हणून तिथे शून्य आहे आणि वहीत नाही. वहीत मी शून्य घुसडणार नाही, स्टार अर्धा केलात तरी.

बेरजेचं मूळही तिथेच आहे. शून्य ते नऊ हे युनिकोडच्या लेखी दशमान अंक. दहा, शंभर, हजार यांच्या चिन्हांना किंमत दिलेली आहे, पण अंकांच्या पंगतीत बसवलेलं नाही. जागेवरून किंमत ठरवणारं सॉफ्टवेअर तिथे अडकतं. शेजारी इंग्रजी आकड्यांचा रकाना घालून देतो, बेरीज आणि शोध दोन्ही त्यात होईल. तुम्हाला बेरीज लागणार का, हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं.

राहिले चौकोन. पाव, अर्धा, पाऊण २००८ मध्येच आले होते. ओरुमा म्हणजे विसावा हिस्सा, रण्डुमा म्हणजे दहावा, असले बारीक अपूर्णांक आले थेट २०१६ ला, ९.० आवृत्तीत. फोनच्या फॉन्टात त्यांचं चित्र नसलं की चौकोन दिसतो. फाइल शाबूत आहे. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवतो, ती फोनवर नीट दिसेल. (माझ्या आईला पावकी-निमकी पाठ होती. आजोबांचा हिशेब तिला माझ्याआधी लागला असता.)

नव्या प्रती पुढच्या शनिवारी तयार होतील. या वेळी मशीनवरून निघालेली पहिली प्रत आधी तुम्हाला दाखवतो. दहावं, विसावं आणि शंभरावं पान बघा, तुम्ही हो म्हटलं की मगच बाकीच्या छापू.